मागची सीट

जिनिंगच्या गोदामात, सरकीच्या पोत्यांमागे
ती उभी होती चार विटांवर.
चाकं कुणी कधीच नेलेली,
डॅशबोर्डच्या कप्प्यात उंदरीणीनं
रुईचा पाळणा केलेला.
"हिलमन आहे," मुश्ताक मिस्त्री म्हणाला,
बॉनेटवर हात ठेवून, जसा डॉक्टर
घरच्यांकडे न पाहता बोलतो.

मी तेव्हा नुकती रिटायर झाले होते.
टेलिफोन एक्सचेंजात तीस वर्षं
मोर्शीला अमरावती जोडून दिली,
अमरावतीला नागपूर,
म्हणून मंडळानं मला वायरिंग दिलं.
तांबडी बॅटरीला, काळी अर्थला.
एक पिवळी कुठेच जात नव्हती.
ती तशीच ठेवली, टेप मारून.

मंडळ म्हणजे पाच गाड्या, एक पावतीबुक
आणि ओढायचा एक दोर.
दोर सगळ्यात चांगल्या अवस्थेत.
चिंचमलातपुरे सरांची फियाट,
ढोमणे कंपाउंडरची लँडमास्टर,
टेंभुर्णे बंधूंच्या दोन जीपा,
एक चालावी म्हणून दुसरी.

अडीच वर्षं गेली.
रिंगा कोइमतूरहून आल्या, आधी चुकीच्या.
पंपाचं सील बागेतल्या ऑइल इंजिनचं बसलं.
सीटा शिवल्या पोळ्याच्या झुली शिवणाऱ्या किसन बोरवारनं,
थोडे घुंगरू लावू का, असंही विचारलं.
रंगवाल्यानं कार्ड पुढे केलं.
मी झाडावरचं संत्रं दाखवलं,
आंबिया बहाराचं, अजून न फिरलेलं.

पहिल्यांदा हँडल मारलं तेव्हा ती शिंकली,
आणि धुराला रुईचा वास आला.
मला आला. मुश्ताक म्हणतो, ऑइल जळते.

जानेवारीत चिखलदऱ्याला निघालो.
प्रत्येक फाट्यावर तोच प्रश्न: "किती देते?"
"देते ना," सर म्हणत, "त्रास."

चांदूर बाजारला चहाला थांबलो
तर टपरीच्या बाकावरून एक म्हातारा उठला,
सरळ हिलमनपाशी आला,
हँडलखाली अंगठा घालून
दार उघडलं.
इतके दिवस आम्ही ते
लाथ मारून उघडत होतो.

लहानू खंडारे. जिनवाल्या शेठची गाडी
एकोणीस वर्षं त्यांच्या हातात.
"पिवया वायरले हात त नाही लावला?"
"नाही. कशाची होती ती?"
"काय मालूम बाई. मले बी कोनी सांगतलं नाही.
शेठ म्हने, राहू दे."

मी किल्ली पुढे केली.
त्यांनी हात मागे घेतला.
"चालवली मी. लय चालवली.
मांगं नाही बसलो कधी."

मग बसले. बरोब्बर मधोमध,
झुलीच्या कापडावर, गुडघ्यांवर हात.
परतवाड्यापर्यंत मला गिअर सांगत राहिले.
आता दुसरा. आता सोडा. आता सोडा म्हन्लं ना.
धामणगाव गढीपुढे घाट लागला
आणि मागचा आवाज थांबला.
आरशात पाहिलं: मान काचेला, तोंड उघडं.

रेडिएटर दोनदा उकळला.
कॅनमधलं पाणी संपलं, मग थर्मासमधलं.
टेंभुर्ण्यांनी दोर काढला, बाकीच्यांनी खांदा लावला,
मुश्ताकनं शिव्या दिल्या त्याही दबक्या आवाजात.
लहानूजींना कुणी उठवलं नाही.
माणूस आत ठेवूनच ढकलली.

वर थंडी होती, गवळ्याकडची रबडी होती.
त्यांच्या वाट्याचा द्रोण बॉनेटवर ठेवला,
तिथे तो बराच वेळ कोमट राहिला.
ते उठले तेव्हा ऊन दरीत उतरलं होतं.

"पोचलो का?"
"पोचलो."
"थांबली त नाही ना कुठं?"
चिंचमलातपुरे सरांनी चाळीस वर्षं गणित शिकवलं,
उत्तर आधी सांगितलं नाही कुणाला.
"एकदाही नाही," ते म्हणाले.

लहानूजींनी खिडकीतून पाहिलं,
मुश्ताकच्या भिजल्या शर्टाकडे,
आडव्या पडलेल्या कॅनकडे,
चाकामागच्या दगडाकडे.
"मंग माही गाडी नाही ही," म्हणाले
आणि रबडीसाठी हात बाहेर काढला.